दयेचे ओझे एकट्याच्या खांद्यावर

भूतदयेची शिकवण आपल्याला नवी नाही. कीर्तनात ती ऐकलेली असते, शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेली असते, आणि वसुबारसेला गाय-वासराची पूजा करताना ती थोडीफार आचरणातही येते. दया करावी, एवढे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जो माणूस ती वर्षानुवर्षे, रोज सकाळ-संध्याकाळ करतो, त्याच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. टाकून दिलेली जनावरे उचलणाऱ्या, त्यांच्या जखमा धुणाऱ्या, त्यांना आपल्या ताटातला भात घालणाऱ्या माणसांच्या मनावर जो भार पडतो, त्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

उदाहरणासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके घेऊ. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भातशेतीचा मुलूख. एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे पाताळगंगा. मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी घाट चढण्यापूर्वी कर्जतला येते. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि २००२ साली पुरा झालेला द्रुतगती मार्ग, हे दोन्ही खालापूर तालुक्यातून खोपोलीकडे जातात. या रस्त्यांनी कामधंदा आणला, शनिवार-रविवारपुरती येणारी मंडळी आणली, त्यांची फार्महाऊसे उभी केली. पण ज्या रस्त्याने माल येतो, त्याच रस्त्याने शहराला नकोसे झालेलेही येते. नकोसे झालेले कुत्रे हे त्यातलेच.

अशा भागात जनावरे तीन वाटांनी बेवारस होतात. पहिली वाट शहरातून येते. हौसेने आणलेले विलायती जातीचे पिल्लू मोठे होते, आजारी पडते, किंवा घर बदलते. मग गाडीत घालून ते एखाद्या वळणावर उतरवले जाते. उतरवणाऱ्याची समजूत अशी की, 'खेडेगाव आहे, कुठेही खाईल.' ही समजूत साफ खोटी आहे. सदनिकेत वाढलेल्या कुत्र्याला अन्न शोधता येत नाही, वाहन चुकवता येत नाही, आणि गावची कुत्री त्याला आपल्या हद्दीत उभे करीत नाहीत. दुसरी वाट बंगल्यांची. राखणीसाठी म्हणून पिल्लू ठेवतात; जागा विकली गेली किंवा राखणदार बदलला की कुत्रे फाटकाबाहेर पडते. तिसरी वाट मात्र आपली स्वतःची आहे, आणि तीही मान्य केली पाहिजे. चिखलणीला पॉवर टिलर आला, जमिनी विकल्या गेल्या, चरणीची राने कुंपणात गेली; मग म्हातारा बैल, भाकड गाय, दुधाच्या धंद्याला निरुपयोगी ठरलेला गोऱ्हा किंवा रेडकू यांची दावी सोडली जातात. घरच्या कुत्रीची पिल्लेही, विशेषतः माद्या, गोणीत भरून बाजाराच्या गावी सोडल्या जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात सुमारे पन्नास लाख मोकाट गुरे आणि दीड कोटी मोकाट कुत्री मोजली गेली. यावरून हे एकट्या कर्जत-खालापूरचे दुखणे नाही, हे उघडच आहे.

आता उचलणाऱ्या माणसाकडे वळू. समजा, चौकजवळच्या एखाद्या वाडीत राहणारी एक काकी आहे. तिने एका पावसाळ्यात रस्त्याकडेचे एक पिल्लू घरी आणले. ते जगले. शेजारणीने कौतुक केले. महिन्याभराने कोणी दुसरे आणून दिले. वर्षभरात पंचक्रोशीत बातमी झाली की, अमुक ठिकाणी एक बाई कुत्री सांभाळते. तिथून पुढे कोणी विचारीतही नाही. पहाटे दार उघडावे तर ओट्याखाली खोके, खोक्यात चार पिल्ले. आणि कोणी समोर भेटलाच, तर त्याचे बोलणे ठरलेले: "काकी, तुमच्याकडं एवढी आहेत, त्यात हे एक!"

मंडळी, हे वाक्य नीट ऐका. बोलणाऱ्याला ते साधे वाटते. पण त्याचा अर्थ असा होतो की, माझ्या वाट्याची दया मी तुमच्या दारात ठेवून चाललो. तो मोकळ्या हाताने घरी जातो, त्याला शांत झोप लागते. आणि काकी? तिच्या मागे दूध, औषध, पट्ट्या, दवाखान्याची फेरी आणि उधारी. घरातली माणसे कुरकुरतात. शेजारी रात्रीच्या भुंकण्याने वैतागतात, आणि त्यांचेही काही चुकत नाही. हे सर्व बाहेरून दिसणारे ओझे झाले. आतले ओझे त्याहून जड असते.

ते आतले ओझे कसे असते, ते पाहू. पहिली गोष्ट, अशा माणसाला निवड करावी लागते. पाच पिल्ले आहेत, दूध दोघांपुरते आहे; कोणाला पाजावे? एकाला उचलले की उरलेल्यांकडे पाठ फिरवल्याची टोचणी लागते. दुसरी गोष्ट, मरण वारंवार पाहावे लागते. पिल्लांमध्ये पार्व्हो नावाचा रोग येतो. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन, उपचार न मिळाल्यास, बहुतेक पिल्ले दगावतात. त्याचा विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणजे काकीने दयेने आणलेले नवे पिल्लू तिच्याच अंगणात आजारी पडते, आणि 'मी आणले नसते तर जगले असते' असा घोर तिला लागतो. तिसरी गोष्ट, हिशेब उलटा होतो. वाचलेली जनावरे धावत निघून जातात. गेलेली तेवढी मनात घर करून राहतात. वीस जगली आणि तीन गेली, तर रात्री ती तीनच आठवतात.

चौथी गोष्ट म्हणजे दुःखाला सोबत नसते. घरात माणूस गेले तर गाव येते, दहा दिवस चूल पेटवू देत नाही, बोलून मन हलके करते. कुत्रे गेले तर कोण येणार? उलट, "कुत्र्यासाठी रडतेस होय?" असे हसणे मात्र येते. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की, ज्या दुःखाला समाज दुःख म्हणूनच ओळखत नाही, ते उघड करता येत नाही. आणि उघड करता येत नाही म्हणून ते लवकर निवतही नाही.

या सगळ्याचा परिणाम हळूहळू दिसू लागतो. झोप उडते. फोन वाजला तरी छातीत धस्स होते. माणसांविषयी कडवटपणा येतो. 'माणसापेक्षा जनावर बरे' हे वाक्य तोंडात बसते. आणि शेवटी, पूर्वी ज्या विव्हळण्याने जीव कासावीस होई, त्याच विव्हळण्याने काहीच वाटेनासे होते. भोवतालचे म्हणतात, 'बाई निबर झाली.' पण ती निबर झालेली नसते, थकलेली असते. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी अमेरिकेतील रुग्णालयांतल्या परिचारिकांविषयी लिहिताना या अवस्थेला एक नाव दिले; आपल्या भाषेत त्याला 'करुणेचा शिणवटा' म्हणता येईल. पुढे चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, दुसऱ्याचे दुःख सतत हाताळणाऱ्याला त्या दुःखाचा संसर्ग झाल्यासारखी इजा होते. बैल कितीही इमानी असला तरी जू उतरवल्याशिवाय दिवसरात्र नांगराला जुंपता येत नाही. मनाचेही तसेच आहे.

जनावरांचे डॉक्टरसुद्धा यातून सुटलेले नाहीत. बर्नार्ड रोलिन या तत्त्वज्ञाने असे निदर्शनास आणले की, जनावरांवरील प्रेमापोटी ज्यांनी हा व्यवसाय धरला, त्यांनाच बरी न होणारी किंवा कोणालाच नको असलेली जनावरे सुई देऊन संपवावी लागतात. जीव वाचवण्यासाठी आलेल्या हाताने जीव घ्यावा लागतो. या ओढाताणीला त्यांनी 'नैतिक ताण' म्हटले. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंची एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण लोकांच्या मानाने आत्महत्येचे प्रमाण पुरुष पशुवैद्यांत सुमारे दुप्पट आणि स्त्री पशुवैद्यांत सुमारे साडेतीनपट आढळले. याची कारणे अनेक आहेत, एकच नाही. तरी एवढे निश्चित की, शिकलेल्या, पगारदार माणसालाही हा भार पेलत नाही. मग वाडीतल्या काकीने तो एकटीने पेलावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. थकलेला माणूस दोन प्रकारे मोडतो. कोणी एके दिवशी सर्व सोडून देतो. दुसरा 'नाही' म्हणूच शकत नाही. दहाची सोय असता तीस जनावरे ठेवतो. मग खाणे पुरत नाही, खरूज पसरते, जनावरे एकमेकांना फाडतात, आणि जेथे आसरा म्हणून आणले तेथेच त्यांचे हाल होतात. हेतू दयेचा असला तरी शेवट तोच होतो. म्हणून दयेला मर्यादा घालणे हे पाप नव्हे. मर्यादा घातली तरच ती टिकते.

यावर कोणी म्हणेल, "अहो, कातकरीवाडीत माणसांची पोटे भरत नाहीत, आणि तुम्ही कुत्र्या-बैलांचे घेऊन बसलात!" प्रश्न रास्त आहे. मोकाट गुरांनी भात खाल्ला तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. कुत्रे चावले तर गरिबाच्या मुलाचे प्राण धोक्यात येतात. हे नुकसान खरे आहे, आणि ते मुख्यतः गरिबालाच सोसावे लागते. पण म्हणूनच, जनावर टाकणाऱ्याला आळा घालणे आणि टाकलेल्याची सोय लावणे, हे माणसाच्याही हिताचे काम आहे. दोन्हीकडचे दुःख एकाच कुंपणातून सुटलेले आहे.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. गावोगावी कोंडवाडा असे. १८७१ च्या कायद्याने त्याला नियम घातले. पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाई, मालक दंड भरून ते सोडवी. त्यात दया थोडी आणि शिस्त अधिक होती. तरी मोकाट गुराची जबाबदारी कोण्या एकाची नसून गावाची, हे त्यात गृहीत होते. मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. १८३२ मध्ये सरकारी हुकमाने तेथे रस्त्यावरची कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी व हिंदू रहिवाशांनी मोठा दंगा आणि हरताळ केला. परंतु नुसत्या संतापावर गोष्ट थांबली नाही. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ स्थापन झाला. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईत उभी राहिली, आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. यातून आपण घ्यावयाचे ते एवढेच: एकट्याची दया ही एका आयुष्यापुरती असते, संस्थेची दया पिढ्यान् पिढ्या चालते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे, उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत, सबळ कारणावाचून जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. ज्यांच्या खटपटीने हा विषय राज्यसभेत ऐरणीवर आला, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा दहा ते पन्नास रुपये आहे. तेव्हा दंडाचा धाक फारसा नाही, हे खरे. तरीही 'हा गुन्हा आहे' असे चार लोकांत सांगता येणे यालाही मोल आहे. आणि २०२३ च्या प्राणी जनननियंत्रण नियमांनी कुत्र्यांची नसबंदी व रेबीजची लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली आहे. हा अर्ज ग्रामसभेत कोणीही मांडू शकतो. कुत्री साधारण दोन महिन्यांनी विते, वर्षातून दोन वेळाही विते. तेव्हा एका मादीची शस्त्रक्रिया म्हणजे पुढच्या कितीतरी खोक्यांचा बंदोबस्त समजा.

आता करावयाचे काय? प्रथम, जे हे काम करतात त्यांना सांगणे.

आपल्याकडे किती जनावरे राहू शकतात, हा आकडा शांत वेळी ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा. रडणारे पिल्लू समोर असताना आकडा ठरत नाही. नवे पिल्लू चौदा दिवस जुन्यांपासून दूर, फरशीच्या जागेत ठेवा. फरशी ब्लीचने धुता येते, माती धुता येत नाही. दीड-दोन महिन्यांचे होताच लसी सुरू करा. स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जगलेल्या जनावरांची वही ठेवा, नावनिशीवार. मन जेव्हा उलटा हिशेब मांडू लागेल, तेव्हा ती उघडा. एखादे जनावर बरे होणार नाही असे डॉक्टर म्हणाले, तर तो निर्णय एकट्याने घेऊ नका. दोघे-तिघे मिळून घ्या, म्हणजे त्याचा सल एकाच काळजात राहत नाही. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्याला पाळी द्या. आणि झोप नाही, भूक नाही, जगणे नकोसे वाटते असे दिवस सरता सरत नसतील, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून चालू असलेली 'टेलि-मानस' ही सरकारची विनामूल्य सेवा आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. जनावरासाठी मन दुखले म्हणून फोन केला, तर त्यात लाज ती कसली?

दुसरे सांगणे गावाला. काकीच्या दारात खोके ठेवण्यापूर्वी खोक्याबरोबर काय देणार ते ठरवा: दूध, औषधाचे पैसे, की आठवड्यातले दोन दिवस? पाच घरांनी पाच जनावरे वाटून घेतली तर कोणालाच जड नाही. जखमी गुरासाठी तालुक्यातील गुरांच्या दवाखान्याला कळवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. याचा पाठ दूर शोधायला नको. खोपोलीला 'अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी' या नावाने मंडळी एकत्र आली आहेत. महामार्गावर अपघात झाला की एकमेकांना कळवून धावून जातात. ते काम माणसांसाठीचे. पण रीत उचलण्याजोगी आहे. निरोप एकाला गेला तरी हात अनेकांचे लागतात. ज्याला आज जमत नाही त्याची जागा दुसरा घेतो, आणि घरी परतताना पाहिलेले दुःख बोलायला सोबती असतो.

तिसरे सांगणे शिक्षक बंधुभगिनींना. पावसाळ्यात एखादा मुलगा भिजलेले पिल्लू शर्टात लपवून वर्गात घेऊन येईल. त्याला हाकलू नका, आणि "शाबास, तूच सांभाळ" असे म्हणून सगळे त्याच्यावरही टाकू नका. वर्गाला विचारा, "याचे दूध कोण आणील? सुट्टीत कोण पाहील? लसीला कोण नेईल?" फळ्यावर नावे लिहा. पिल्लू हाताळल्यावर हात धुण्याची, अनोळखी मोठ्या कुत्र्याजवळ न जाण्याची शिस्त तेव्हाच लावा. दया आणि व्यवस्था एकाच धड्यात शिकवता येतात. पिल्लू दगावलेच, तर "नुसते कुत्रे होते" असे म्हणू नका. शाळेच्या मागे खड्डा घेऊ द्या, मूल रडले तर रडू द्या, आणि मग बाकीच्यांनी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावे असे सांगा. दुःखात सोबत करायची असते, हे मूल त्या वाटेवर शिकेल. मोठेपणी दुसऱ्याच्या दारात खोके ठेवताना त्याचा हात अडखळेल.

वाचकहो, आपल्या गावात असे कोणीतरी आहेच. नाव तुम्हांला माहीत आहे. त्यांच्या घरावरून जाताना आपण 'कुत्रेवाली' किंवा 'वेडा' असे काहीसे म्हणतो. उद्या जाताना तसे म्हणू नका. पाच मिनिटे ओट्यावर बसा, "वहिनी, आज मी काय करू?" असे विचारा, आणि जे सांगतील तेवढे काम करून या.